मुंबईत कॉइलओव्हर सेट करायचेत? उंचीपासून क्लिकपर्यंत, एकेक पायरी

कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकअप, बसवून गाडी गॅरेजमधून बाहेर निघते तेव्हा तिथला माणूस हमखास सांगतो, "सेट करून दिलंय साहेब, बिनधास्त चालवा." म्हणजे बहुतेक वेळा झालेलं काय असतं, तर चारही कॉलर (स्प्रिंगखालच्या फिरणाऱ्या रिंगा) नजरेने सारख्या केलेल्या असतात, नॉब मधे कुठेतरी ठेवलेले असतात आणि बिल हातात दिलेलं असतं. खरं सेटिंग तुमच्या बिल्डिंगच्या रॅम्पवर, तुमच्या रोजच्या रस्त्यावर आणि तुमच्याच वजनाने होतं, आणि ते दुसरा कोणी करून देत नाही. काम अवघड अजिबात नाही, घाणेरडं आहे, हात काळे होतात, पण क्रम पाळला तर दोन रविवारात होऊन जातं. क्रम असा: आधी उंची, मग अलाइनमेंट, सगळ्यात शेवटी डॅम्पिंगचे क्लिक, म्हणजे शॉकअप किती कडक ते ठरवणाऱ्या नॉबचे टप्पे. लोक नेमके क्लिकपासून सुरू करतात कारण ते सोप्पंय, बॉनेट उघडायचं आणि नॉब फिरवायचा, आणि मग उंची बदलली की सगळं पहिल्यापासून.

माझी गाडी ऑक्टेव्हिया व्हीआरएस, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असलेल्या कुठल्याही सेडानला, म्हणजे व्हर्टस, स्लाव्हिया, जुनी व्हेंटो, यातलं बहुतेक सगळं लागू होतं. फरक मागच्या बाजूला आहे, तो जिथे येईल तिथे सांगतो. आणि हो, कॉइलओव्हर बसवायचे कसे यावर हा लेख नाही. बसवून झालेत आणि आता करायचं काय, हे ज्यांना कळत नाहीये त्यांच्यासाठी आहे.

१. आधी ओळखा, तुमच्याकडे नक्की कुठला किट आहे

सगळे कॉइलओव्हर सारखे नसतात आणि ॲडजस्टमेंट कशी करायची ते यावरच ठरतं.

साधा प्रकार: शॉकअपच्या बॉडीवर आटे असतात, त्यावर स्प्रिंगची सीट म्हणजे कॉलर वरखाली होते. कॉलर खाली नेली की गाडी खाली. केडब्ल्यू, बिलस्टीन वगैरे साधारण या पद्धतीचे. दुसरा प्रकार म्हणजे खालचा ब्रॅकेटच बॉडीवर फिरतो, बीसी रेसिंगचे बीआर असे आहेत, यात स्प्रिंगला हात न लावता उंची बदलता येते.

मग डॅम्पिंग. केडब्ल्यू व्हेरियंट १ आणि बिलस्टीन बी१४ मधे फक्त उंची, क्लिक नाहीतच. व्हेरियंट २ मधे रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग परत उघडताना शॉकअप किती अडवतो ते, व्हेरियंट ३ मधे रिबाउंड आणि कॉम्प्रेशन, म्हणजे दबताना किती अडवतो ते, दोन्ही वेगवेगळे. बीसी बीआरला ३० क्लिक आणि एकाच नॉबने दोन्ही बदलतात, टाइनच्या फ्लेक्स झेडला १६. म्हणून मित्राने सांगितलं "मी १२ वर ठेवलंय, मस्त चालतं" तर त्याचे १२ आणि तुमचे १२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मागची बाजू बघा. व्हीआरएसला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे, अनेक आर्म) आहे आणि स्प्रिंग शॉकअपवर नसून वेगळी, खालच्या आर्मवर बसलेली असते. त्यामुळे मागे उंचीची कॉलर एका ठिकाणी आणि शॉकअप दुसऱ्या ठिकाणी. व्हर्टस, स्लाव्हियाला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिथेही स्प्रिंग वेगळीच. तरी दुकानदार त्याला कॉइलओव्हरच म्हणतो, म्हणू दे.

२. कागदपत्रं, ज्याकडे कोणी बघत नाही

- आरसी आणि इन्शुरन्स पॉलिसीची कॉपी
- किटचं पक्कं बिल, पार्ट नंबरसकट
- किटसोबत आलेलं माहितीपत्रक. यात कॉलर किमान आणि कमाल कुठे ठेवायची ते मिलिमीटरमधे दिलेलं असतं, हे पान गॅरेजवाल्याकडे राहिलं असेल तर आधी जाऊन घेऊन या
- अलाइनमेंटची आधीची प्रिंट, असेल तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मधे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलेलं आहे. "सस्पेन्शन आरसीवर छापलेलं नसतं, म्हणून चालतं" असं छातीठोक सांगणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नका. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर "हो हो सर" म्हणणारा माणूस क्लेमच्या वेळी सापडत नाही.

३. हत्यारं

- कॉलर फिरवायचे दोन सी पाने, किटसोबत येतात. एक हरवला असेल तर त्याच मापाचा दुसरा आणा
- लो प्रोफाइल ट्रॉली जॅक. साधा जॅक खाली आलेल्या गाडीखाली जातच नाही
- जॅक स्टँड, कमीत कमी दोन, आणि चाकाला लावायला लाकडी ओंडके
- १८ मिमी प्लायवूडचे चारपाच तुकडे, फूटभर बाय फूटभर
- १७ मिमीचं सॉकेट, शिवाय चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टची चावी, ती डिकीत टूलकिटमधे असते, कामाच्या आदल्या दिवशी शोधून ठेवा
- टॉर्क पाना, ठरवलेल्या जोराला आवळायचा
- मिलिमीटरची स्टीलची टेप, मास्किंग टेप, मार्कर
- नायलॉनचा ब्रश किंवा जुना टूथब्रश, गंज सोडवणारा स्प्रे
- टायरमधली हवा मोजायचा गेज
- वही. मोबाइल नको, ग्रीसच्या हाताने मोबाइल धरणार कसा

हत्यारं ऑनलाइन मिळतातच, पण एखादा शनिवार काढून मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर जा, पाना हातात घेऊन त्याचं वजन बघून घेता येतं. टॉर्क पान्यात मात्र स्वस्तात जाऊ नका. माझ्या ऑक्टेव्हियाच्या पिढीचे चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळायचे असतात, आणि पायाने उभं राहून पाना दाबणाऱ्याला १२० काय नि २२० काय.

४. जागा: मुंबईतला खरा प्रश्न

बाकी सगळे गाईड "आपल्या गॅरेजमधे सपाट जमिनीवर गाडी उभी करा" असं म्हणून पुढे जातात. आपल्याकडे गॅरेज म्हणजे स्टिल्टखालची ९४ नंबरची जागा, एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शिंदेकाकांची ॲक्टिव्हा, आणि पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम दिलेला उतार.

उतार आधी तपासा. पारदर्शक पाइपात पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तसं चार चाकांच्या जागी बघा, दहा मिनिटांचं काम आहे. एखाद्या चाकाखाली ८ मिमी खड्डा असेल तर तिथे तेवढी पट्टी ठेवा आणि खुणा करून ठेवा, पुढच्या वेळी गाडी त्याच खुणांवर उभी करायची.

पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक स्टँड थेट त्यावर कधीच ठेवू नका. ब्लॉकखाली वाळू असते, स्टँडचा पाय एका ब्लॉकच्या कडेवर आला की ब्लॉक हळूच तिरका होतो, आधी फक्त बारीक करकर ऐकू येते आणि सांध्यातून वाळू वर येताना दिसते. प्लायचे तुकडे यासाठीच. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग फक्त जॅकच्या भरवशावर घालायचा नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल.

पझल पार्किंग किंवा स्टॅक पार्किंगमधे हे काम करूच नका, ट्रेवर जॅक लावायची परवानगी नसते आणि नसावीही. मित्राची जागा बघा, नाहीतर ओळखीच्या गॅरेजला अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन लिफ्ट घ्या. सोसायटीत करणार असाल तर सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडी हवेत असताना वॉचमन येऊन उभा राहतो.

५. मोजा, आणि बरोबर जागी मोजा

जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजू नका. टायरची हवा, टायरची झीज, सगळं त्यात येतं. चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. फेंडरवर मास्किंग टेप लावून खूण करा म्हणजे प्रत्येक वेळी तिथेच टेप लागेल.

मोजायच्या आधी टायरची हवा कंपनीने दिलेल्या आकड्यावर, टाकी साधारण अर्धी, डिकी रिकामी. गाडी थोडी पुढेमागे ढकलून थांबवा, जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं तर टायर जमिनीला घट्ट धरून बसलेला असतो आणि आकडा हमखास जास्त येतो. मग वहीत चार आकडे: पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा, मागे उजवा. बाजूला तारीख, किलोमीटर, आणि प्रत्येक कॉलरखाली किती मिमी आटे दिसतायत ते. हे आटे मोजून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, "साडेतीन फेरे खाली केलं होतं" हे पुढच्या आठवड्यात लक्षात राहत नाही.

६. किती खाली? तुमच्या रस्त्यातली सगळ्यात वाईट जागा ठरवणार

इंस्टावरच्या फोटोवरून उंची ठरवू नका, तो फोटो बीकेसीतल्या गुळगुळीत रस्त्यावर काढलेला असतो.

थोडा हिशोब करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीड ब्रेकर १० सेमी उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असतो. ऑक्टेव्हियाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास २.६८ मीटर. म्हणजे गाडीचं पोट ब्रेकरच्या माथ्यावर असतं तेव्हा पुढची आणि मागची दोन्ही चाकंसुद्धा ब्रेकरवरच असतात, साधारण ४.७ सेमी वर. पोटाखाली ब्रेकर फक्त ५.३ सेमी येतो. असा ब्रेकर खाली आलेल्या गाडीला काहीच करत नाही, सावकाश गेलात तर.

लागतात ते सोसायटीने स्वतः बनवलेले, दीड फूट रुंद आणि मिस्त्रीच्या मर्जीने उंच. तो १० सेमीचा असेल तर पूर्ण १० सेमी पोटाखाली येतो, कारण चाकं दोन्ही बाजूला जमिनीवर. वर चार माणसं आणि गावाहून आणलेली तांदळाची पोती असली तर गाडी आणखी बसलेली. म्हणून एक टेप घेऊन तुमच्या गल्लीतल्या, ऑफिसच्या गेटच्या आणि सासुरवाडीच्या ब्रेकरची उंची मोजून या. लोक बघतील, बघू दे. पोडियम पार्किंगचा रॅम्प जिथे संपून सपाट होतो ती धार पण अशीच असते, तिथेही पोटच लागतं. रॅम्प सुरू होतो तिथे पुढचा बंपर.

माझं मत विचाराल तर मुंबईत रोज चालवायच्या सेडानला स्टॉकपेक्षा, म्हणजे कंपनीच्या मूळ उंचीपेक्षा, २५ मिमी खाली, जास्तीत जास्त ३०. त्याहून खाली गेलं की फक्त घासण्याचाच प्रश्न नसतो. शॉकअपला खाली जायला जागा उरत नाही, प्रत्येक खड्ड्याला तो बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आपटतो, आणि मालकाला वाटतं "स्प्रिंग फार हार्ड आहे." पुढचा लोअर आर्म बघा, गाडी जमिनीवर असताना तो चाकाकडे वर चढत असेल तर तुम्ही जास्तच खाली गेलाय, वळणावर गाडी उलट जास्त झुकते आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढलं जातं. दिसायला रेसकार, चालायला बिघडलेली.

पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा. मागची बाजू बसलेली आणि नाक वर, असं कधी नको, डिकीत सामान टाकल्यावर तर अजिबातच नको.

७. कॉलर फिरवणं

आता कामाला लागू.

क) दोन्ही पुढची चाकं एकदम उचला. एकच बाजू उचलली तर अँटीरोल बार (डावी-उजवी बाजू जोडणारी दांडी) दुसऱ्या बाजूने ओढत राहतो आणि स्प्रिंग पूर्ण सुटत नाही. गाडी स्टँडवर, मागच्या चाकांना ओंडके, मग चाकं काढा.

ख) आटे साफ करा. ही पायरी कोणी करत नाही. ब्रशने कोरडी माती काढा, मग स्प्रे, दहा मिनिटं थांबा, परत ब्रश, कपड्याने पुसा. मुंबईची धूळ आणि खारी हवा मिळून आट्यांत करड्या रंगाचा एक थर बसतो, तो तसाच ठेवून कॉलर फिरवली तर ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. कॉलर हलत नसेल तर परत स्प्रे आणि धीर. एका गॅरेजमधे छिन्नी कॉलरच्या खाचेत लावून हातोडा मारताना मी डोळ्यांनी बघितलंय, खाचेची कड चकचकीत कापली गेली आणि त्यानंतर सी पाना तिथे कधी अडकलाच नाही. तुमच्या गाडीसमोर कोणी हातोडा उचलला तर थांबवा.

ग) लॉकची कॉलर (सीटची कॉलर जागेवर अडकवून ठेवणारी दुसरी रिंग) सैल करा, मग सीटची कॉलर फिरवा. गाडीचं वजन स्प्रिंगवर असताना कधीच नाही.

घ) पुढे कॉलर ५ मिमी खाली केली की चाकापाशी गाडी जवळपास तेवढीच खाली येते. मागे तसं नाही. मागची स्प्रिंग आर्मच्या आतल्या बाजूला बसलेली असल्याने कॉलर ५ मिमी हलवली की चाकापाशी फरक त्याहून जास्त पडतो, बऱ्याच गाड्यांत दीडपटीच्या आसपास. म्हणून मागे थोडं थोडं करा, उतरवा, मोजा, परत करा. टॉर्शन बीमवाल्यांनी पण आधी थोडं हलवून, मोजून, आपलं प्रमाण काढावं.

ङ) माहितीपत्रकातल्या मर्यादेबाहेर जायचं नाही. खालचा ब्रॅकेट फिरणाऱ्या किटमधे बॉडी ब्रॅकेटच्या आत किमान किती गेलेली हवी ते दिलेलं असतं, तेवढी नसेल तर जोर फक्त दोनचार आट्यांवर येतो.

च) चाक हवेत लटकत असताना स्प्रिंग हाताने हलवून बघा. सैल होऊन खडखडत असेल तर कॉलर फार खाली गेलीये. रस्त्यावर ब्रेकरवरून उतरताना "टक्" आवाज येतो तो बऱ्याचदा हाच.

इथे प्रीलोडबद्दलचा, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याबद्दलचा, एक गैरसमज. ब्रॅकेटवाल्या किटमधे काहीजण स्प्रिंग खूप दाबून ठेवतात, "हार्ड करायचीये" म्हणून. सरळ रेटच्या स्प्रिंगची ताकद दाबून वाढत नाही, प्रत्येक मिमीला लागणारा जोर तोच राहतो. फक्त गाडी उचलली जाते आणि चाकाला खड्ड्यात खाली उतरायला मिळणारी जागा कमी होते, जी आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त लागते. स्प्रिंग हाताने सैल वाटणार नाही इतपत, वर किटवाल्याने सांगितलं असेल तेवढे मिमी, बस.

छ) लॉक कॉलर परत आवळा, चाकं लावा, गाडी जमिनीवर आणून बोल्ट टॉर्क पान्याने चांदणीच्या क्रमाने.

डाव्या-उजव्यात ३-४ मिमी फरक राहिला तर सोडून द्या. त्याच्या मागे लागून एकच कोपरा उचललात तर वजन त्या चाकावर आणि तिरक्या समोरच्या चाकावर जातं, टेपवर आकडे सुंदर येतात आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला हलकी वाटते.

आणि कामात कुठल्याही आर्मचा बोल्ट सैल केला असेल तर तो शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना. आतला रबरी बुश दोन्हीकडे चिकटलेला असतो, लटकत्या चाकावर आवळला तर गाडी उतरली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. ज्या बोल्टना सर्व्हिस मॅन्युअलमधे टॉर्कनंतर वर अंशात फिरवायला सांगितलंय ते ताणून बसणारे असतात, ते नवेच घ्या.

८. आठवडाभर चालवा, मग अलाइनमेंट

नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमधे थोडी बसते. म्हणून त्याच दिवशी फायनल अलाइनमेंटचे पैसे घालवू नका. फक्त स्टिअरिंग सरळ आहे का आणि टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीयेत ते) फारच बाहेर गेला नाही ना एवढं बघून घ्या, आठवडाभर ऑफिसला जाऊन या, परत मोजा, उंची हवी तिथे आहे का बघा, मग पक्कं अलाइनमेंट.

गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. लोक त्यालाच घाबरतात, पण टायर खाणारा खरा राक्षस टो आहे. टो कंपनीच्या आकड्यात असेल तर पुढे उणे सव्वा-दीड अंश कॅम्बरवर टायर व्यवस्थित चालतो. टो बाहेर असेल तर आतली कड काही महिन्यांत तार दिसेपर्यंत जाते आणि बाहेरून बघताना टायर नवाच वाटतो. टायरच्या आत हात घालून बघायची सवय लावा.

अलाइनमेंटवाल्याला तीन गोष्टी सांगा. एक, मागचीही चाकं करायची आहेत. मल्टिलिंकला मागे कॅम्बर आणि टो दोन्ही बदलता येतात, पण बरेच ठिकाणी "पीछे का नहीं होता" म्हणून मोकळे होतात. टॉर्शन बीमला खरंच होत नाही, तिथे भांडू नका. दोन, आधीची आणि नंतरची प्रिंट हवी. तीन, स्टिअरिंग सरळ लॉक करूनच टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) हलवायचा.

हेडलाइट कोणाच्याच लक्षात राहत नाही. ज्या गाड्यांत लाइट आपोआप वरखाली होतात त्यांच्या आर्मवर उंची ओळखणारा सेन्सर असतो. उंची बदलली की त्याला वाटतं डिकीत सामान भरलंय, आणि तो लाइट चुकीच्या ठिकाणी मारतो. स्कॅनर लावून त्याचं बेसिक सेटिंग करून घ्या, आणि मग अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून स्वतः बघा.

९. आता क्लिक

नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवला की साधारण हार्ड होतो, तरी तुमच्या किटवरचा बाण बघा. हलक्या हाताने पूर्ण हार्डला न्या, जिथे थांबेल तिथे थांबा, जोर लावू नका, आतली सुई बिघडते. तिथून मागे मोजत या. वहीत नेहमी "पूर्ण हार्डपासून मागे किती" असंच लिहा. डावा उजवा सारखा, पुढे मागे वेगळं चालेल.

सुरुवात बरोबर मधे. ३० क्लिक असतील तर १५.

टेस्टसाठी एक ठरावीक रस्ता निवडा आणि तोच ठेवा. कोस्टल रोड नको. तिथे सगळंच सेटिंग चांगलं वाटतं, आणि ८० च्या लिमिटवर कॅमेरे आहेत. तुम्हाला पाहिजे फ्लायओव्हरचे सांधे, थोडा पेव्हर ब्लॉकचा पट्टा, एक लांबट उंचवटा आणि एक गोल वळण. मी ईस्टर्न एक्स्प्रेसवरून विक्रोळीकडे येतो आणि परत एलबीएस रोडने जातो, अर्ध्या तासात चारही मिळतात, एलबीएसवर तर मागितल्यापेक्षा जास्त. रविवारी सकाळी सातच्या आत, वेग रोजचाच.

एका वेळी एकच गोष्ट बदला, फक्त पुढे किंवा फक्त मागे, दोनतीन क्लिक. मग ऐका आणि अंगाने ओळखा.

उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा वरखाली डोलतेय, तर रिबाउंड कमी आहे, हार्डकडे जा. फ्लायओव्हरचे लागोपाठ सांधे येतात तिथे पहिला सांधा ठीक, दुसरा जरा कडक, चौथ्या-पाचव्याला दात वाजतात, तर रिबाउंड जास्त आहे. स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नाहीये, गाडी प्रत्येक सांध्याला थोडी थोडी खाली बसत जाते. सॉफ्टकडे या. गंमत म्हणजे इथे बहुतेक लोक उलटं करतात, "गाडी आपटते" म्हणून आणखी हार्ड. पेव्हर ब्लॉकवर सीटमधून बारीक कंप सतत येतोय, स्टिअरिंग बधिर वाटतंय, तरी सॉफ्टकडेच. वळणात शिरताना नाक उशिरा वळतंय तर आधी टायरची हवा तपासा, मग पुढे दोन क्लिक इकडेतिकडे करून बघा.

एखाद्याच मोठ्या खड्ड्यात "धप्प" असा जाड आवाज आला तर क्लिकने काही होणार नाही, तो बंप स्टॉप आहे. परत पायरी ६ वर जा आणि गाडी वर घ्या.

मागे बसणाऱ्याला विचारा. ड्रायव्हरला हातात स्टिअरिंग असतं म्हणून कमी जाणवतं. आमच्या आईला मागे बसवलं की पाच मिनिटांत निकाल लागतो, "काय रे, बैलगाडी केलीस का गाडीची" म्हणाली की मागे तीन क्लिक सॉफ्ट.

१०. पावसाळ्याचं वेगळं सेटिंग

मे संपायच्या आत गाडी १० ते १५ मिमी वर घ्या, क्लिक सगळीकडे थोडे सॉफ्ट. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की लाट बंपरवर येते, खाली असलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी लवकर पोचतं. पाणी भरलेल्या सबवेत घालूच नका, कितीही वर केली तरी. परत खाली करायची घाई नको. गणपती झाल्यावर मंडपाच्या खांबांचे खड्डे राहतात, नवरात्रात परत नवे होतात, माझी गाडी दिवाळीच्या आधी खाली येत नाही. दोन्ही वेळी टो तपासून घ्यायचा, उंची बदलली की तो हलतोच.

सेटिंग ठरलं की आटे स्वच्छ करून त्यावर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यावर धूळ बसून दगड होतो. पावसाळ्यात गाडी धुताना फेंडरच्या आत पाइप घालून कॉलरवर पाणी मारा, आणि महिन्यातून एकदा लॉक कॉलर हाताने हलवून बघा, सुटली नाही ना. रत्नागिरी, अलिबाग करून आलात तर त्याच आठवड्यात धुवा. केडब्ल्यूच्या स्टेनलेस बॉडीवाल्यांना थोडी सूट आहे, बाकीच्यांना नाही.

११. जुने शॉकअप

गॅरेजवाला म्हणेल "ठेवून जा, काय करणार त्याचं." ठेवून येऊ नका. स्प्रिंग, शॉकअप, टॉप माउंट, सगळं घरी आणा. गाडी विकताना बहुतेक गिऱ्हाइकांना स्टॉक गाडीच हवी असते, आणि कॉइलओव्हरचा एखादा शॉकअप लीक होऊन दुरुस्तीला गेला तर तेवढे दिवस गाडी उभी करायची कशावर? पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून, पुढचे-मागचे डावे-उजवे असं मार्करने लिहून माळ्यावर. शॉकअप शक्यतो उभेच ठेवा. बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवी स्प्रिंगलाच बांधून.